आबांच्या मुक्कामावरचं गोल्फ मैदान

कोयनानगरच्या वरच्या पठारावर सर्वांसाठी गोल्फचं मैदान झालंय, हे ऑफिसातल्या मैत्रिणीने मोबाईलवर दाखवलं. फोटोत मधोमध एकच काळा कातळ होता. घरी आबांना दाखवला, तर त्यांचा घास हातातच राहिला. "हितं आमचा मुक्काम असायचा."

आबा म्हणजे माझे वडील. जतहून कोकणाकडे मेंढरं नेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मला कॉलेजात घालताना त्यांनी कळप विकला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. त्यांना वाईट वाटतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या पठारावर विचारायचंच, असं ठरवून रविवारी आबांना घेऊन निघाले.

तुम्हाला जायचं असेल, तर आमच्यासारखंच विश्रामबागेतून उजाडताच निघा. एसटीने कऱ्हाड, तिथून पाटणमार्गे कोयनानगर. बायकांना अर्धं तिकीट, आबांनाही वयामुळे अर्धंच. पाटणला गरम भजी मिळाली. वर जायला वडापची, म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप आहे, पण परतीची वेळ आधीच विचारून ठेवा.

फाटकावर पाटी होती. आबांना वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचली. "मैदान सर्वांसाठी खुले आहे. फिरण्यास शुल्क नाही. काठी व चेंडू भाड्याने मिळतील." शेवटची ओळ मी वाचली नाही.

इथे जमीन कुठेच कापलेली नाही. उतार, ओढा, कातळ जिथल्या तिथे आहेत, चेंडूनेच त्यांच्या कलाने जायचं. आबांनी चपला काढून हातात घेतल्या. थोड्या वेळाने पाहते, तर गवतातला एक चेंडू उचलून ते पांढऱ्या टोपीवाल्या गृहस्थांकडे निघालेले.

"अहो काका, तो खेळात होता!" गृहस्थ ओरडले.

"खेळात व्हता व्हय? एकलाच पडलेला, म्हटलं कळपातनं मागं राहिला."

मग ते हसले. "आता होता तिथे कसा ठेवणार?"

आबा मागे गेले आणि दबलेल्या गवतात नेमका तिथेच चेंडू ठेवून आले.

उताराखाली वाळूचा खड्डा होता. "ह्यो मेंढरांनी केलाय. वारं चुकवायला हितंच दबून बसायची." आम्ही काठाशी टेकलो. खरंच, वारा डोक्यावरून जात होता.

"आबा, कळप विकल्याचं वाईट वाटतं?"

"भाकरी काढ, पोरी."

घरी परतल्यावर पाय धुताना आबा अचानक म्हणाले, "पाटीवर शेवटाला काय लिवलं व्हतं?"

"काही नाही. असंच."

"जनावराचं चित्र व्हतं, त्येच्यावर तांबडी रेघ. तेवढं येतं मला वाचाय."

मी खाली मान घालून म्हणाले, "जनावरे आणण्यास मनाई."

"हां. आता पुरं वाचलंस." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "वाईट वाटतं, पोरी. लय वाटतं. पर तू सगळं वाचत जा. मेंढरं त्येच्यासाठीच इकली."