फणसवाडीचे आतोबा आणि वाक्याचं शेपूट

आतोबा रविवारी पडले. परळच्या नाक्यावर, ट्रामच्या रुळांवर, दुपारी तीनच्या सुमारास. त्या दिवसानंतर ते लालबागच्या वर्गात गेले नाहीत.

एवढं आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. कारण माझ्या आत्याच्या यजमानांनी इंग्रजी भाषेवर जेवढं प्रेम केलं तेवढं खुद्द इंग्रजांनीही केलं नसेल. आणि त्या समुद्राएवढ्या भाषेत त्यांचा जीव अडकला होता तो चिमूटभर जागेत. टु बी लाफ्ट ॲट. टु बी रिलाइड अपॉन. टु बी स्पोकन टु. कुणी आपल्याला हसणं, कुणी आपल्यावर विसंबणं, कुणी आपल्याशी बोलणं. आतोबा सांगत, की मराठीतला प्रत्यय माणसाला कधी सोडत नाही. माणसाला, माणसावर, माणसाशी, असा तो बोट धरून चालतो. इंग्रजीत मात्र माणूस उठून वाक्याच्या पुढल्या बाकावर जाऊन बसतो आणि त्याचं ते बिचारं ‘ॲट’ किंवा ‘अपॉन’ पार टोकाला एकटं उभं राहतं. मॅट्रिकला बसणारे नेमकं तेवढंच विसरतात. आतोबा त्याला शेपूट म्हणत. कुणी ‘टु बी रिलाइड’ म्हणून थांबला, की दारात मांजराचं शेपूट चिरडलेलं पाहावं तसा त्यांचा चेहरा होई. “शेपूट कुठाय?” असं ते इतकं कळवळून विचारत, की नवीन आलेला माणूस आपल्या खुर्चीखाली वाकून बघे.

फोर्टातल्या एका जहाज कंपनीत त्यांनी तीस वर्षं पत्रं लिहिली. तिथल्या गोऱ्या साहेबाला त्याच्या शाळेनं शिकवलं होतं, की सभ्य माणूस असल्या शब्दावर वाक्य संपवत नाही. साहेब शेपूट खोडायचा आणि आतोबा ते टायपिस्टकडून परत घालून घ्यायचे. एका पत्रानं म्हणे या टेबलावरून त्या टेबलावर अकरा फेऱ्या केल्या. तोवर ज्या जहाजाबद्दल ते होतं ते एडनला पोचलंसुद्धा. शेवटी साहेबानं बोलावून विचारलं, ही भाषा कुणाची आहे? आतोबा म्हणाले, “आपलीच, साहेब. पण आपण ती फार लांबून बघता.” त्यानंतर साहेबानं खोडणं सोडलं आणि बढती देणंही सोडलं. पहिल्या गोष्टीचा आतोबांना इतका आनंद झाला होता, की दुसरी त्यांच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लालबागला एका व्यायामशाळेच्या माडीवर गिरणी कामगारांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. आत्या गेल्यानंतर त्यांच्याकडे हरवण्यासारखी ही एकच गोष्ट उरली होती. मी तेव्हा त्यांच्याकडे फणसवाडीत राहून एका ग्रंथालयात नोकरी करत असे आणि वर्गाच्या दिवशी फळा लिहायला जात असे. नऊ जण येत. सगळे मॅट्रिकला इंग्रजीत गटांगळी खाल्लेले, कुणी एकदा, कुणी तीनदा. वर्गाचा नियम एकच होता: मास्तरानं आधी भोगायचं, मग वर्गानं लिहायचं. जो प्रयोग आतोबांनी स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवला नाही तो वहीत उतरवायला बंदी.

टु बी लाफ्ट ॲट शिकवायचं ठरलं, तेव्हा डिसेंबरातल्या ठणठणीत कोरड्या दुपारी ते लालबागच्या भर बाजारातून उघडी छत्री घेऊन निघाले. मागे नऊ जण बिनछत्रीचे, आणि त्यांच्या मागे, जमेल तेवढं अंतर ठेवून, मी. मासळी घेऊन बसलेल्या एका कोळणीनं वर आभाळाकडं बघितलं, आतोबांकडं बघितलं, आणि शेजारणीला म्हणाली, “बाय माझे, म्हाताऱ्याला कायतरी आधीच कळलंय.” सगळा बाजार हसला. वर आल्यावर आतोबांनी छत्री मिटून विचारलं, हे जे ‘ॲट’ आहे ते मला नेमकं कुठं लागलं असेल? साचेखात्यात कापड विणणारा काशिनाथ नावाचा एक जण होता. तीनदा नापास झालेला तो हाच. तो म्हणाला, “कानाला, मास्तर. लाल झालेत.” आतोबांनी कानांना हात लावून पाहिला आणि असे खूष झाले, की जणू ते कान काशिनाथनंच त्यांना मिळवून दिले. “लिहा, काशिनाथराव. लिहा सगळे.”

टु बी वेटेड फॉर या प्रयोगासाठी त्यांनी वर्गाला दीड तास बसवून ठेवलं. स्वतः समोरच्या इराण्याकडे बसून तीन चहा प्यायले आणि माडीच्या खिडकीकडे टक लावून राहिले. वर आले ते डोळे पुसतच. आपली कुणी वाट बघतंय हे लांबून बघण्याइतकं सुख नाही, असं म्हणाले.

असा माणूस संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचा कसा, हे आमच्या वाडीला कोडंच होतं. तळमजल्यावरचे दामूअण्णा त्यांना जिन्यात गाठून म्हणत, “आतोबा, इंग्रज गेला, तुम्ही मागं राहिलात की हो.” आतोबांचं उत्तर तयार असे. भांडण समोरच्याच्या भाषेत करावं, म्हणजे त्याला बहिरेपणाचं सोंग आणता येत नाही. दिल्लीला जाणाऱ्या अर्जांचं इंग्रजी ते अर्ध्या गिरगावला फुकट तपासून देत, आणि मुंबई मिळणार म्हणजे मिळणार हे ते अशा घाईनं सांगत, की जणू खाली व्हिक्टोरिया गाडी उभी करून आलेत.

त्या रविवारी बंद होता. ट्राम नव्हत्या. मी फळा लिहायला सकाळीच चालत पुढं गेले होते. आतोबा दुपारी व्यायामशाळेच्या दारापर्यंत आले, आणि तेवढ्यात समोरून मोर्चा गेला. त्यात एका माणसाच्या हातात इंग्रजी फलक होता: इनजस्टिस इज नॉट टु बी पुट अप. पुढचं ‘विथ’ नव्हतं. त्यांनीच नंतर मला समजावून सांगितलं, की शेपटासकट त्याचा अर्थ अन्याय सहन करायचा नाही असा होतो, आणि शेपटाशिवाय अन्याय खुंटीला टांगू नये असा. दिल्लीचे वार्ताहर हे वाचणार या विचारानं त्यांना राहवलं नाही. खिशातला खडू काढून ते मोर्चामागं धावले. बासष्ट वर्षांचे आतोबा लालबागपासून परळच्या नाक्यापर्यंत धावले, फलकवाल्याला गाठलं, ‘विथ’ लिहिलं. मग कुठून तरी गर्दीचा लोंढा उलटा आला.

आम्ही माडीवर बसून होतो. तीनचे चार झाले, पाच झाले. मी एकदा म्हटलं, खाली बघून येऊ का? काशिनाथ हसून म्हणाला, “ताई, मास्तरांची ‘वेटेड फॉर’ची उजळणी चाललीय. हललो तर परत पहिल्यापासून.” मलाही ते पटलं. इराण्याचं दुकान बंद होतं, तरी पटलं. आम्ही दहा माणसं शहाण्यासारखी चार तास बसलो, आणि ते दोन फर्लांगांवर, लोकांनी रुळांवरून उचलून ठेवलेले, एका दुकानाच्या फळीवर मांडीचं हाड मोडून पडले होते. सातला व्यायामशाळेचा पहारेकरी निरोप घेऊन आला.

इस्पितळात त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “किती वेळ बसलात?” काशिनाथनं मान खाली घालून चार तास असं सांगितलं. आतोबांचा चेहरा असा उजळला, की नर्सला वाटलं औषध लागू पडलं. काशिनाथ मात्र बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

दोन महिन्यांनी घरी सोडताना डॉक्टरांनी जिना चढणं-उतरणं बंद केलं. खुर्चीत बसवून खाली नेतो आणि तिथून टॅक्सीनं लालबागला, असं नऊ जणांनी सुचवलं, पण आतोबा ऐकेनात. ज्या माणसाला बायकोनं कधी पाट मांडून दिला नाही, कारण तो आधीच मांडून बसलेला असे, त्याला उचलून घेणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी भरून ठेवलेला तांब्या ते ओतून टाकत आणि भिंतीला धरत धरत स्वतः भरून आणत. वर्ग बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. दुसरा मास्तर बघा. माझा पाय म्हणजे तुमचा अभ्यासक्रम नव्हे.

पुढच्या गुरुवारी काशिनाथ एकटाच आला. पाळी संपवून थेट आला होता. केसांत कापसाचे तंतू. हातात तेलाची बाटली. आतोबांनी बाटलीकडं बघून तोंड फिरवलं.

“मास्तर, मार्चात पेपर आहे,” काशिनाथ म्हणाला.

“मग अभ्यास करा.”

“टु बी लुक्ड आफ्टर आलं तर मी जागा कोरी सोडणार.”

“का? येतं की तुम्हाला. कुणीतरी आपली काळजी घेणं.”

“तुम्ही भोगून दाखवलं नाही. वहीत नाही आमच्या. नवाच्या नवांनी ठरवलंय, कोरी सोडायची. मी चौथ्यांदा नापास होईन, मास्तर. पण नियम मोडणार नाही.”

मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात हातातलं भांडं तसंच धरून उभी होते. आतोबा त्याला वर्षानुवर्षं काशिनाथराव म्हणत आले होते.

“लबाड आहेस तू,” ते म्हणाले, आणि पाय पुढं केला. “घोट्यापासून वर चोळ. हळू. आणि आधी वही उघड.”

लगेचच्या रविवारपासून वर्ग फणसवाडीत भरायला लागला. जिन्यावर अठरा चपला बघून दामूअण्णांनी तक्रार केली आणि महिन्याभरात ते स्वतःच मागे येऊन बसायला लागले. नळाचं पाणी कुणी भरायचं, दाढी कुणी करायची, तेल कुणी चोळायचं, याच्या पाळ्या लागल्या. आतोबा तोंडाला साबण फासलेला असतानाही मजकूर सांगत आणि वस्तरा थांबला की ओरडत. नवातले सात पास झाले. काशिनाथ पास झाला. टु बी लुक्ड आफ्टर पेपरात आलंच नाही.

महाराष्ट्र झालेला आतोबांनी गॅलरीत खुर्चीत बसून पाहिला. मागच्या श्रावणात ते गेले. शेवटच्या आठवड्यात मी दिलेलं पाणी ते पीत होते.

वर्ग फणसवाडीतच आहे. सोमवार, गुरुवार आणि रविवार. सध्या सहा जण येतात. मी शिकवते. माझं इंग्रजी आतोबांइतकं चांगलं नाही.