रोग तुळशीला, डाग सुनेला

तुळस पिवळी पडली की मार मला बसायचा. सकाळी केरसुणी हातात घेतली की माझी पहिली नजर वृंदावनाकडे जायची. खाली पिवळी पानं गळलेली असायची. सासू उठायच्या आत मी ती वेचून कमरेला खोचायची आणि न्हाणीमागं नेऊन चिखलात दाबून टाकायची. पण झाडावरची पानं कुठं लपवणार?

सासर मंठ्याच्या बाजूला होतं. राज्य निजामाचं, घरात राज्य सासूचं. मी तेरा-चौदा वर्षांची असेन. माहेर म्हणायला होतं, पण आई गेलेली, आणि सावत्र आईनं पाठवणी करतानाच बजावलं होतं, "उभी चाललीस, आता त्या घरातून आडवीच नीघ." म्हणजे सासरनं हाकललं तर मला रस्ता सोडून दुसरी जागा नव्हती. हे सासूलाही ठाऊक होतं, आणि तिचा हात त्यामुळं जरा जास्तच सैल सुटायचा.

सासू विधवा होती. दोन मुलगे. थोरला शेती बघायचा, धाकटा म्हणजे माझा नवरा बैलगाडी घेऊन कापूस-सरकी जालन्याला न्यायचा. ज्या वर्षी सासरे वारले त्याच वर्षी दारातली तुळस वाळली होती. सासूच्या डोक्यात ते पक्कं बसलं: तुळस वाळली की घरातला पुरुष जातो. तिला बाकी कशाचीही भीती नव्हती. साप दिसला तर ती पायातली वहाण काढून त्याच्यामागं धावायची. पण तुळशीचं एक पान पिवळं दिसलं की तिचे ओठ थरथरायला लागायचे, आणि ओठ थरथरले की हात चालायचा.

आमच्या लग्नाच्या वर्षी तिनं मातीचं जुनं वृंदावन पाडून सिमेंटचं नवं बांधून घेतलं. सिमेंट तेव्हा नवलाचं होतं. नवऱ्यानं जालन्याहून गाडीत घालून पोतं आणलं, तर गाव बघायला आलं. गवंड्यानं बुडाला एक भोक ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी घातलेलं पाणी त्या भोकातून बाहेर आलं आणि अंगणभर पसरलं. सासू किंचाळली, "तुळशीचं तीर्थ हाय ते! सगळे पायदळी तुडवून राह्यले, डोळे फुटले का तुमचे?" उरलेल्या सिमेंटचा गोळा करून तिनं स्वतःच्या हातानं ते भोक बुजवलं. वरून अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केलं. शेजारणी म्हणाल्या, काय भाव आहे बाईचा! खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा कौतुकच वाटलं.

मग आमची भक्ती सुरू झाली. आंघोळ झाली की प्रत्येकानं एक तांब्या तुळशीला घालायचा. सासू, दोघं भाऊ, थोरली जाऊ, मी. एकादशीला शेजारपाजारच्या बायका यायच्या, त्यांचे तांबे वेगळे. वरून दुधाची धार. पावसाळ्यात आभाळही मदतीला आलं. खाली वाट नाही, वरून दिवसभर पाणी. ते झाड विहिरीत उभं होतं म्हणा ना. श्रावणात खालची पानं पिवळी पडली. सासू म्हणाली, तहानली असंल, दोन-दोन तांबे घाला. भादव्यात मधली पानं पिवळी झाली. मग गोमूत्र झालं, ताक झालं, गुळाचं पाणी झालं.

एवढं करूनही झाड ऐकेना, तेव्हा दोष माणसाचा ठरला. घरात परकं माणूस मीच होते. थोरली जाऊ एकदा चुलीपाशी बोलून गेली, "हिचा पदर लागला असंल, बाहेरची असताना." बाहेरची म्हणजे विटाळशी. मी ते चार दिवस गोठ्याजवळ बसायची, वृंदावनाच्या वाऱ्यालाही जात नव्हते. पण जाऊचंही मी काय म्हणू? मार कुणाला तरी बसणारच होता, आणि तिची पाठ माझ्या आधी पाच वर्षं सोलून निघाली होती.

पहिल्यांदा थोबाडीत बसली. मग लाटणं आलं. मग एके दिवशी नवरा गाडीवरून उतरला तोच सासू त्याच्यासमोर रडली, "तुझ्या जिवावर उठलीय ही सटवी." त्यानं काही विचारलं नाही. बैलाचा आसूड हातात होताच. मी ओरडले तशी भिंतीपलीकडची मुसलमान शेजारीण ओरडली, "अगे बस करो जी, मर जाएगी छोकरी!" सासूनं तिथूनच उत्तर दिलं, "तुमच्यात तुळस न्हाई, तुम्हाला काय कळायचं?"

कार्तिक आला. तुळशीचं लग्न तोंडावर, आणि नवरी आधीच हळद लागल्यासारखी पिवळीधमक. सासूला गावात एक मान होता. कुणाला कावीळ झाली की लोक तिच्याकडे यायचे. ती विळा तापवून मनगटाच्या वर डाग द्यायची. माणसं बरी व्हायची, काही मरायची; बरी झालेलीच तिच्या लक्षात राहायची. त्या दिवशी तिनं तुळशीची पानं चुरगाळली, डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाली, "कावीळच हाय ही. जिचा विटाळ लागला तिला डाग द्या, म्हंजी हिची उतरती." विळा चुलीत गेला.

माझा हात नवऱ्यानं धरला. पुढं पुष्कळ वर्षं मी त्याच्याशी संसार केला, त्याच्या दुखण्याखुपण्यात रात्री काढल्या, पण हात त्यानंच धरला होता. विळ्याची पाठ लाल झाली होती. टेकवल्यावर आधी वास आला, कळ मागून आली. मी त्याच्या दंडाला चावले, रक्त निघेपर्यंत. तरी त्यानं हात सोडला नाही.

आमच्याकडे म्हणतात, रोग हल्याला अन् डाग पखालीला. आजारी पडतो पाणी वाहणारा रेडा, आणि डागतात त्याच्या पाठीवरच्या कातडी पिशवीला. म्हण ऐकून सगळे हसतात. मीही हसायची, लग्नाआधी.

शिमग्याच्या सुमाराला गावात हूल उठली की रझाकारांची टोळी येऊन राह्यली. दिवस तसेच होते. लांबवर कडब्याच्या गंजी पेटलेल्या दिसायच्या. घराला कुलूप ठोकून आम्ही शेतातल्या खोपीत जाऊन राहिलो. भाकरी कोरडी, पाणी विहिरीचं, आणि माणसं सारखी रस्त्याकडे कान लावून. टोळी काही आली नाही. आठवड्यानं म्हणा, थोडं जास्त असेल, आम्ही परतलो. घर जसंच्या तसं होतं. आणि तुळशीच्या शेंड्यांना हिरवीगार, टवटवीत पालवी फुटली होती.

सासूनं तिथंच लोटांगण घातलं. "उशिरा का होईना, डागाचा गुण आला!" असं ती गावभर सांगत सुटली. पाणवठ्यावर सांगितलं, गिरणीवर सांगितलं. आणि आनंदाच्या भरात सगळ्यांनी तुळशीला पुन्हा तांबे ओतायला सुरुवात केली.

मी मात्र विचार करत होते. मला शाळा नव्हती, पण डोळे होते. आम्ही होतो तेव्हा झाड कुजत होतं. आम्ही गेलो, पाणी बंद झालं, झाड हसलं. तहानेनं झाड वाळतं तेव्हा पानं कुरकुरीत होतात, हातात चुरा होतो. आमच्या तुळशीची पिवळी पानं मऊ, ओली असायची, शिळ्या भाजीसारखी. मी माती बोटानं उकरली. वास आला तो तुंबलेल्या मोरीचा.

मी नवऱ्याला सांगितलं, "पाणी जास्ती होऊन राह्यलं. चार रोज कुणी घालू नका." त्यानं आईला सांगितलं. सासूनं कपाळाला हात लावला, "तुळशीला पाणी घालू नका म्हणती! ऐकलं का? आता तोंडानंच बोलून गेली की हिच्या मनात काय हाय ते!"

पंधरवडा गेला नाही तोच खालची पानं पिवळी पडली. सासूच्या मते गुण उतरला होता. एकदा आला तो डागानं, तर पुन्हाही डागच हवा. आणि या वेळी दोन्ही हातांना. "ह्यानंबी न्हाई उतरली," ती म्हणाली, "तर हिला माहेराला घालवा. माझं लेकरू जायाच्या आधी ही जाऊ दे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. मला तिची कीव आली नाही. विळा चुलीत लाल होत होता आणि मला फक्त तेवढंच दिसत होतं.

दाराआड पहार उभी होती, शेताच्या कुंपणाचे खड्डे खणायची. ती मी कशी उचलली मला आठवत नाही. पहिला घाव वृंदावनाच्या कडेला बसला, टवका उडाला. जाऊ किंचाळली. दुसरा घाव खाली, जिथं सासूनं भोक बुजवलं होतं तिथं. सासू धावत आली आणि माझे केस धरून ओढायला लागली. मी तिला कोपरानं ढकललं, ती उताणी पडली. नवरा आसूड घेऊन आला. मी पहार त्याच्याकडे वळवली. "पुढं या," मी म्हणाले, "या की, मालक. तुळस तर फोडलीच हाय, आता मला कशाचं पाप न्हाई." तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा थांबला. मी तिसरा घाव घातला.

भिंत फुटली आणि आतून काळं पाणी भळाभळा बाहेर आलं. एवढी घाण सुटली की बैलानंही मान फिरवली. सासू पडली होती तिथवर ते वाहत गेलं, तिचं लुगडं भिजलं. मी तुळस मुळासकट उपसून तिच्यासमोर धरली. मुळं काळी पडली होती, ओढली की बोटाला साल यायची. मधे चार-सहाच पांढरी होती.

"हे तुमचं तीर्थ," मी म्हणाले.

मी काळी मुळं विळीवर कापून टाकली. राकेलच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं बुडाला भोकं पाडली, माती, नदीची वाळू आणि जुनं शेणखत मिसळून त्यात ते झाड लावलं, आणि सगळ्यांना सांगितलं की माझं बोट मातीतून कोरडं निघेपर्यंत जो कुणी डब्याला पाणी घालेल त्याचा हात मी मोडीन. आजही कुणाच्या घरी कुंडीतलं झाड पिवळं दिसलं की मी आधी कुंडी उचलून बूड बघते. लोक खत विचारतात, मी भोक विचारते. झाड तहानेनं मरतं त्याच्या दुप्पट मायेनं मरतं.

त्या दिवसापासून माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही. तुळस जगली, पुढल्या पावसाळ्यात कमरेएवढी झाली. सासूनं मात्र त्यावर एक अक्षर काढलं नाही. मधल्या काळात निजामाचं राज्य गेलं, फौजा आल्या, गावातली काही माणसं गेली, काही परत आली. पलीकडची शेजारीण घर सोडून हैदराबादेकडे गेली, तिला मी निरोपही देऊ शकले नाही.

त्याच वर्षी कार्तिकात वरच्या आळीतून एक बाई सासूला बोलवायला आली. त्यांच्याकडची तुळस पिवळी पडली होती. त्यांनीही आमचं बघून सिमेंटचं बांधलं होतं. सासूनं कोनाड्यातला विळा घेतला आणि निघाली. माझं रक्त तापलं. मी तिच्यामागं निघाले. आज हिला तिथं भर अंगणात उघडी पाडायची, असं ठरवूनच.

अंगणात गेल्यावर सासूनं कुणाला काही विचारलं नाही. ती वृंदावनापाशी बसली, विळ्याच्या टोकानं बुडाची भिंत कोरायला लागली. बराच वेळ कोरत होती. शेवटी टोक आरपार गेलं आणि काळ्या पाण्याची धार लागली. म्हणजे तिला कळलं होतं. त्याच दिवशी कळलं होतं, आणि माझ्यासमोर एकदाही बोलली नव्हती.

"पाणी कमी घालत जा," ती त्या घरच्या बाईला म्हणाली. "पोरीचा काही दोष न्हाई."

ती बाई गोंधळली. "पण मामी, डाग तर सकाळीच देला आम्ही. तुम्हीच पाणवठ्यावर सांगितल्तं की, डागानं गुण येतो म्हणून. आमच्या हाताला गुण न्हाई दिसत, म्हणून तुम्हाला बोलावलं."

सून आत दारामागं बसली होती. बारा वर्षांची असेल. हात परातीतल्या पाण्यात बुडवून. सासू आत गेली, तिच्यापुढं खाली बसली, तिचा हात अलगद आपल्या मांडीवर घेतला आणि त्या लाल डागावर फुंकर घालायला लागली. हळूहळू, लहान लेकराला घालतात तशी. पोरगी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

मी दारात उभी होते. माझ्या हातावर तिनं कधी फुंकर घातली नव्हती. मला त्या पोरीचा हेवा वाटला, आणि सासूला धरून तिथून ओढून बाहेर काढावंसं वाटलं. मी तशीच उभी राहिले, आणि सासूनं एकदाही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.