धुवून बघणाऱ्या नर्सबाई

नर्सबाईंविषयी लिहायचं मी आजवर टाळलं. कुणी पनवेलच्या आमच्या जुन्या दवाखान्याचा विषय काढला की मी मलेरियाच्या गोष्टी सांगत सुटायचो. आता ऐंशी उलटली. त्यांना ओळखणारी माणसंही संपत आली. आता तरी खरं सांगायला हवं.

बाळंतपण असो की पडलेला गर्भ, पोटातून बाहेर आलेलं काहीही नर्सबाई धुवून बघितल्याशिवाय टाकत नसत. इनॅमलची पांढरी थाळी, तीत स्वच्छ पाणी, आणि थाळी घेऊन खिडकीशी. मी नवा डॉक्टर. मला किळस यायची. "नाक काय धरता, डॉक्टर? तुम्हीही यातूनच आलात," त्या म्हणायच्या.

त्या कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे इथल्याच ज्यू. शनिवारी घरात चूल पेटवत नसत, पण मिठागराकडून बैलगाडी आली की पिशवी उचलून निघत. मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, "आज शनिवार आहे हे बाळाला कोण सांगणार? तुम्ही?"

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. एका सकाळी मिठागरावरच्या एका माणसाने बायकोला आणलं. दोन महिन्यांची पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला कळा, अंगावरून रक्त जात होतं. दवाखान्यातच तिच्या पोटातून एक तुकडा पडला, तीन कोपऱ्यांच्या रिकाम्या पिशवीसारखा. नर्सबाईंनी तो धुतला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या.

"डॉक्टर, यात मुलाकडचा भाग असता तर पाण्यात शेवाळासारखा फुलला असता. हे गर्भाशयाचं नुसतं अस्तर आहे. मूल दुसरीकडे कुठेतरी रुजलंय. हिला आजच मुंबईला पाठवा."

"गर्भ पडलाय, बाई. पोट मोकळं झालं."

"पुस्तक मिटा आणि इकडे बघा जरा."

मी बघितलं नाही. बाहेर ओसरीवर तिचा नवरा उभा होता. "घरा नेव का, दाक्तर? मिठाचं काम हाय." मी म्हटलं, न्या. नर्सबाईंनी तुकडा औषधात बुडवून बाटली माझ्या टेबलावर आदळली. "निदान हे तरी तपासायला पाठवा." त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी ती मुंबईला पाठवली.

तिसऱ्या दिवशी तिला बैलगाडीतून परत आणलं. पांढरीफटक, पोट रक्ताने टम्म. गर्भ नळीत वाढत होता, नळी फुटली होती. गाडीतून खाली घेईपर्यंत ती गेली. "तुमीच बोल्लाव ना, घरा न्या म्हनून?" नवरा एवढंच म्हणाला.

दवाखाना चालवणाऱ्या मंडळींनी मला विचारलं, घरी का सोडलं? मी म्हणालो, "नर्सबाईंनी धुवून बघितलं आणि सगळं पडलंय म्हणून सांगितलं. मी त्यांच्यावर विसंबलो."

त्या समोरच उभ्या होत्या. "डॉक्टर, मी असं म्हणाले?"

"हो."

दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं.

आठवड्याने मुंबईहून त्या तुकड्याच्या तपासणीची चिठ्ठी आली, सोबत काचपट्टीही. दार लावून मी ती मलेरियाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मोठ्या, फिकट, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी. गर्भ कुठेही राहिला तरी गर्भाशयाचं अस्तर अशा पेशींनी भरून येतं, त्याची वाट बघतं. पाटपाणी मांडून त्या पेशी बसल्या होत्या. येणारा दुसरीकडेच गेला होता. मुलाकडचा कणही नव्हता. चिठ्ठीतही तेच लिहिलं होतं. ती चिठ्ठी मंडळींना दाखवायला फार तर पाच मिनिटं लागली असती. मी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्यानंतर पनवेलमध्ये नर्सबाईंना बाळंतपणाला कुणी बोलावेना. मुलांचे झगे शिवून त्यांनी काही वर्षं काढली. मग घरातले सगळे इस्रायलला निघाले. मी चिठ्ठी खिशात घालून त्यांच्या दारात गेलो. ट्रंका रस्त्यावर आल्या होत्या. मला बघून त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली.

"बोला, डॉक्टर."

खिशातली चिठ्ठी मी काढली नाही. मी म्हणालो, "जपून जा. बोटीचा प्रवास आहे."

नर्सबाई, तिला मुंबईला पाठवा, असं तुम्ही म्हणाला होतात. मी खोटं बोललो. मला क्षमा करा. एवढीच तीन वाक्यं मला म्हणायची होती.