तांदळाच्या डब्यातले दोन चेहरे

त्या दुपारचा विषय निघाला की आजही माझे तळहात गार पडतात. सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या एका चिनी आजींनी आमच्या पोलीस ठाण्यात फोन केला होता. समोरच्या फ्लॅटमधली गरोदर बाई तीन दिवस दिसलेली नव्हती, आणि खिडकीतून त्यांना भलतंच दिसलं होतं. "बॉडी स्टँडिंग, सर. हेड नो हॅव, लाह!"

घर मराठी माणसाचं, म्हणून तपास माझ्याकडे आला. सवयीप्रमाणे मी वहीत क्रमांक घालून नोंदी सुरू केल्या. एक : उंबऱ्यापासून आत गेलेली लाल पावलं, बाहेर आलेलं एकही नाही. दोन : हॉलमध्ये साडी नेसलेली दोन धडं, मानेच्या वर काहीच नाही. पंखा बंद होता, तरी एकीचा पदर हलत होता. तीन : तिशीतला नवरा, बोटं लाल.

"हे काय आहे?"

"गौरी, साहेब. चारच्या आत बसवायच्यात."

मी मराठी, आणि हा मला गौरी शिकवतो! आमच्या घरी गौरी खड्यांच्या. आई सात खडे तबकात मांडायची, की झालं. उभ्या गौरी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. हा मला बनवतोय, याची मला खात्री पटली.

"बायको कुठे?"

"हॉस्पिटलमध्ये."

"लावा फोन."

त्याचा चेहरा उतरला. "नको, साहेब. आठवा महिना आहे, बीपी फार वाढलंय. जरासा धक्काही धोक्याचा, असं डॉक्टर म्हणालेत. पोलीस घरी आलेत हे तिला कळायला नको. हात जोडतो."

चार : फोन करण्यास नकार. खाली दोन रेघा मारल्या.

"डोकी कुठे आहेत?"

"तांदळात," तो सहज म्हणाला. "दमट हवेनं खराब होतात ना."

माझा सहकारी खुर्ची शोधू लागला. हातमोजे घालून मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बोटांना आधी नाक लागलं. गार, गुळगुळीत. ओढून बाहेर काढलं, तर उघडे डोळे थेट माझ्याकडे बघत होते, पापणीवर तांदळाचे दाणे. मी ओरडलो. दारातून पाहणाऱ्या आजी माझ्याहून मोठ्यानं ओरडल्या. चेहरा हातातून निसटला आणि फरशीवर टणकन वाजला.

पितळ!

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "उचला," मी म्हणालो.

पडद्यावर हॉस्पिटलच्या खाटेवर त्याची बायको होती. "अरे, बसल्या का गौरी? मघापासून बाळ हललं नाहीये. नर्स येतेय. तोवर मला त्यांना बघू दे."

मी मुखवटा उचलून घाईघाईनं एका धडावर बसवला.

"हे कोण?"

"पाहुणे," नवरा म्हणाला.

"अहो काका, तोंड भिंतीकडे केलंत!"

मी तो फिरवला. दुसरा नवऱ्यानं बसवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पोटावर हात ठेवला.

"हललं," ती म्हणाली.

नवरा भिंतीला टेकून खाली बसला.

घाबरलेला माणूस दिसला की आम्ही पोलीस विचारतो, काय लपवतोस? त्या दिवसापासून मी आधी विचारू लागलो, कोणासाठी घाबरतोस? वहीतल्या चारही नोंदी खऱ्या होत्या. त्यांच्या भरवशावर मी फोन हिसकावून लावला असता, तर त्या घरात कदाचित खरोखरच एक जीव गेला असता. आणि तपास अधिकारी मीच असतो.