मागच्या सीटचं कापड

कापडाच्या कारखान्यात कितीही झाडलं, तरी संध्याकाळपर्यंत दोऱ्यांचे तुकडे पुन्हा पायाला चिकटतातच. सुरतेत गोडादऱ्याच्या आमच्या सोसायटीतले गाडीखरेदीचे किस्से असेच साचत गेले. कारण इथे एकटा कुणी गाडी घ्यायला जात नाही, सगळी मंडळी बरोबर जातात. मी शाळेत शिकवतो, म्हणून कागदावरची बारीक अक्षरं वाचायला मलाही नेतात.

यंदा गाडी घ्यायची होती दगूभाऊंना. त्यांची मुलगी रेखा जवळच चलथाणला दिली आहे. तिचं पहिलं बाळंतपण, महिने भरत आलेले, आणि रिक्षाने धक्के खात तिला आणायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं.

दगूभाऊ मूळचे धुळ्याकडचे. मिलमध्ये तयार कापड तपासतात. टेबलावरून कापड सरकत जातं, डाग किंवा भोक दिसलं की ते म्हणतात, "फेल!" नाहीतर, "पास." ही सवय इतकी मुरली आहे की चहा, जावई, सत्कारातलं भाषण, सगळ्याला त्यांचे हे दोनच शेरे.

*

पहिल्या शोरूममध्ये सेल्समनने बॉनेट उघडलं. दगूभाऊ तिकडे फिरकलेच नाहीत! त्यांनी मागचं दार उघडलं आणि सीटचं कापड चिमटीत धरून चोळलं.

"गोळे येतील. फेल!"

"काका, आधी इंजिन तरी बघा!"

"का? इंजिनवर बसायचंय?"

*

अशोक आमच्यातला सर्वात दांडगा. एम्ब्रॉयडरीचं मशीन चालवतो. गाडीची पारख तो दार आपटून करतो. एका शोरूममध्ये त्याने ओळीने सगळ्या गाड्यांची दारं आपटली. काउंटरवरची मुलगी धावत आली.

"भाई, धीमे! नवी गाडी छे!"

अशोक शांतपणे म्हणाला, "बेन, हिला माझा हात सोसवत नाही, हायवेवरचा ट्रक काय सोसणार?"

*

दुसऱ्या ठिकाणी अशोकने विचारलं, "टक्कर-चाचणीत हिला किती स्टार मिळाले?"

सेल्समन पाण्याची बाटली पुढे करत म्हणाला, "सर, हे मॉडेल चाचणीला गेलेलंच नाही."

"म्हणजे परीक्षेलाच बसली नाही? आमचे सर इथेच आहेत. सर, असा मुलगा पास की नापास?"

मी म्हणालो, "गैरहजर."

सेल्समनचा चेहरा खुलला. "पण सर, ॲव्हरेज फार भारी देते!"

*

शेजारच्या नानांनी मागच्या वर्षी गाडी घेतली, त्याचा किस्सा अजून निघतो. थोड्याफार फरकाने त्याच पैशात एका मॉडेलला सनरूफ होतं, दुसऱ्याला जास्तीच्या एअरबॅग. नानांच्या बायको सरलावहिनी सेल्समनवर उखडल्या. "सुरतेच्या उन्हात छपराला भोक? अहो, आम्ही जन्मभर पत्र्याखाली राहून आता कुठे स्लॅब टाकला!"

पण नाना म्हणाले, "एअरबॅग कुणाला दाखवायची?" सनरूफवाली आली.

आता ती दारात उभी असते. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर ताडपत्री असते!

*

अशोकचा भाचा इच्छापोरला गाड्यांचा पत्रा बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. एका रविवारी तो सांगत होता की काही गाड्या बाहेरदेशी पाठवायच्या वेगळ्या बनवतात आणि आपल्याकडच्या वेगळ्या. अशोक भडकला. दगूभाऊंना मात्र नवल वाटलं नाही.

"कापडात काय वेगळं आहे? एक्सपोर्टच्या मालात एक गाठ निघाली तर अख्खा लॉट परत येतो. लोकलचा कधी परत येत नाही."

"का? लोकलमध्ये गाठ नसते?"

"गाठी असतात की! गिऱ्हाईक म्हणतं, चालतंय."

*

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तो किस्सा नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी मंदा धुळ्याहून लग्न आटोपून भाड्याच्या गाडीने परत येत होती. मागे बसली होती. नवापूरच्या पुढे अपघात झाला. पुढचे दोघे वाचले. ड्रायव्हर नंतर घरी येऊन म्हणाला, "सर, पट्टे होते मागे. बक्कल कव्हरखाली दबलेले होते."

सोसायटीत हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्यासमोर कुणी विषय काढत नाही.

*

शेवटी दगूभाऊंनी गाडी घेतली. अशोकच्या आपटण्याला दार पुरून उरलं, स्टारही बरे होते. तरी त्यांनी "पास" म्हटलं नाही. कंपनीचं कापड त्यांना पसंत नव्हतं. मग त्यांनी मिलमधून मरून मखमल निवडून आणली आणि स्वतः मशीनवर बसून कव्हरं शिवली. पुढून मागून घट्ट. सुरकुती नाही, झोळ नाही. सरलावहिनी हात फिरवून म्हणाल्या, "भाऊ, शोरूमवाल्याला दाखवा हे!"

रविवारी चलथाणहून रेखाला आणायला दोन गाड्या गेल्या. मी नानांच्या गाडीत पुढे बसलो. तिच्या सासूने नव्या गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला. रेखा सावकाश मागे बसली. तिने खांद्याजवळचा पट्टा ओढला, पोटाखालून नीट घेतला आणि दुसऱ्या हाताने सीट चाचपली. एकदा, पुन्हा एकदा.

"आबा, हे लावू कुठे?"

अशोकच्या हातात खोबऱ्याचे तुकडे होते, ते तसेच राहिले. नाना चपलेकडे बघू लागले. कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही.

"खाले उतर, बेटा," दगूभाऊ म्हणाले.

तिला उतरवून ते आत वाकले. कापड तपासणाऱ्याच्या खिशात दोरे कापायची लहान कात्री असतेच. ती त्यांनी काढली. मखमलीवरून बोटं फिरवत त्यांनी एक जागा दाबून पाहिली, आणि तिथे कात्री खुपसली.

"अहो भाऊ, नवं कोरं कव्हर!" विहीणबाई म्हणाल्या. दगूभाऊ थांबले नाहीत. एक भोक, दुसरं, तिसरं. कडांचे दोरे लोंबायला लागले. तीनही बक्कल वर आले.

रेखा पुन्हा बसली. खट्ट आवाज झाला.

दगूभाऊंनी पट्टा ओढून पाहिला. मग फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, टेबलावर फिरवतात तसाच, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पास."