पित्त समजून बसलो होतो

मंडळी, इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नका. माझा जीव आधीच घाबरट, त्यात आजचा दिवस असा गेला.

नात सुमन बारामतीला होमिओपॅथी शिकते, सध्या सुट्टीला घरी आलीय. सकाळी तिच्याकडे पित्तावर गोळ्या मागितल्या, तर ती प्रश्नच विचारत बसली. तहान किती लागते, घाम कुठे येतो, भीती कशाची वाटते?

आमची ही चुलीपासून म्हणाली, "भ्या कशाचं वाटत न्हाय ते इचार, लवकर उरकंल!"

सुमन हसली. "आबा, आमच्यात नुसत्या आजाराच्या नावावर औषध देत नाहीत. माणूस पुरता समजून घ्यायचा. निरोगी माणसाला ज्यानं जो त्रास होतो, तेच अगदी थोडं, तशाच त्रासावर द्यायचं, असं आमचं तत्त्व. म्हणून सगळं सांगा."

मग सांगितलं. कालव्याचा चढ चढताना छाती आवळते, डावा हात जड होतो, बसलं की थांबतं.

तिनं पेन खाली ठेवलं. "हे पित्त न्हाय. उठा, इंदापूरला जायचं."

"आन् तुझ्या गोळ्या?"

"ह्यावर गोळ्या देत बसले तर मी शिकले काय, आबा?"

दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, दुखणं हृदयाचंच आहे, पण वेळेत आलात. उद्या पुढच्या तपासणीला पुण्याला जायचंय. मी बरा होणार, ही खात्री आहे.

तुमच्यापैकी कोण चढावर छाती धरून थांबतो आणि घरी बोलत नाही? आधी दवाखान्यात जा, मग मला लगेच कळवा. आमच्या गावच्या, निरवांगीच्या एसटीडी बूथवर निरोप ठेवला तरी मिळतो.