जळगावात कुठे उतरायचं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. बोलायला गेलं की माझा घसा बंद होतो, लहानपणापासूनच. लिहिताना समोर कोणी तोंडाकडे बघत नसतं, म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली. तेवढ्यात जमेल तसं.

गोष्ट तशी लहान वाटेल तुम्हाला. जळगावला गेल्यावर कुठे उतरायचं — एवढीच.

आमचं गाव पारोळ्याजवळ. माझ्या मुलीला, जयूला, जळगावचं स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, माणसं शांत. पण त्यांच्या घरात आजी अंथरुणाला खिळलेली, गावापर्यंत सगळ्यांना येणं जमणार नव्हतं. त्यांनी निरोप दिला, तुम्हीच मुलीला घेऊन जळगावला या, तुमचे कोणी नातेवाईक असतीलच, तिथे आम्ही बघायला येतो.

नातेवाईक होते. दोन घरं होती. एक माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. रेल्वे लाइनच्या पलीकडे, पत्र्याचं. बोळ इतका अरुंद की समोरून सायकल आली तर आपण भिंतीला चिकटायचं. दारासमोरून गटार, उघडी. आत मात्र भांडी अशी घासलेली की तोंड दिसावं. दुसरं घर यांच्या चुलतभावाचं, कॉलनीत. गेट, गेटवर नावाची पाटी, पुढे तुळस, मागे अंगण.

सख्खी बहीण गावात असताना दुसरीकडे उतरायचं नसतं. आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. हेही म्हणाले होते, "अक्काकडेच जाऊ. नाहीतर त्यांना काय वाटेल?" म्हणजे दोष यांच्यावर टाकायला जागा नाही. मीच म्हटलं, अक्काकडे सासरचे पाहुणे आलेत, जागा नाही.

आणि अक्काचा फोन आला तेव्हा — तिला कोणाकडून तरी कळलं होतं, ती केवढ्या आनंदात होती! "शोभी, तू मना घरच उतर. पलंग रिकामा करी ठेवसू. जयूले सांग, मावशी वाट देखस."

मी म्हटलं, पाहुण्यांनी पुढे ढकललं अक्का. आत्ता नाही येत आम्ही.

ती मग म्हणाली, "बरं. जव्हय येशी तव्हय ये."

दोघांना वेगवेगळं खोटं सांगितलं. आणि ते सांगताना माझा घसा बंद झाला नाही. याचं मला आजही नवल वाटतं.

कशाला केलं? ती गटार दिसत होती मला. मुलाची आई पदर सावरत त्या बोळातून येतेय, नाकाला रुमाल लावतेय, असं चित्र डोळ्यासमोरून हलेना. खरं तर त्या लोकांनी घर कुणाचं, कसं, काहीसुद्धा विचारलं नाही पुढे. पण ते मला आधी कुठे माहीत होतं? — असं म्हणायला गेले आणि थांबले. माहीत असतं तरी मी कॉलनीतच उतरले असते. मला स्वतःलाच ते घर आवडत होतं.

आदल्या दिवशी आम्ही कॉलनीत पोचलो. जाऊबाई हौशी बाई. म्हणाल्या, "शोभा, उद्या आमरस आणि मांडे. मी एक बाई सांगितली आहे, खापरावर असे मांडे करते, तुम्ही बघतच राहाल. तुमच्याच पारोळ्याकडची आहे म्हणे."

खापरावरचे मांडे जळगावात पुष्कळ बाया करतात. पण अक्काही करते. लग्नाकार्यात, कॉलन्यांमधून तिला बोलावणं असतं, हे मला माहीत होतं. मी जाऊबाईंना फक्त नाव विचारायचं होतं. एक शब्द. मी विचारलं नाही. नाव कळलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं ना.

सकाळी मागच्या अंगणात चूल पेटली. मी दारात गेले. पालथ्या खापरासमोर अक्का बसली होती.

तिने वर बघितलं. तिच्या तोंडावर आधी नुसता आनंद आला — मला बघून झाला तो, दुसरं काही नाही. मग तिची नजर माझ्या साडीवर गेली, नवी होती. माझ्या मागे जाऊबाई उभ्या होत्या. मग तिला समजलं. मी बघितलं तिला समजताना.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं की नाही? "ही माझी अक्का" — तीन शब्द. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. ओढ्याला पाणी असलं की कडेवर घेऊन शाळेत सोडायची, स्वतः शाळेची पायरी चढली नाही कधी. या चार अक्षरांची ओळखही तिच्यामुळे.

जाऊबाई हसून म्हणाल्या, "शोभा, बघा बरं, गावाकडची काही ओळख निघते का!"

मी म्हटलं, "नाही हो. पारोळा काय लहान आहे?"

अक्काने मान खाली घातली आणि पुरणाची लाटी हातावर घेतली. "बरोबर म्हणतात ताई," ती म्हणाली. "पारोळा मोठं आहे." शुद्ध बोलली. माझ्याशी ती आयुष्यात कधी असं बोलली नव्हती. परक्यांशी बोलते तसं.

मग ती मांडे करत राहिली. हातावर फिरवत फिरवत मांडा कोपरापर्यंत मोठा करायचा आणि खापरावर टाकायचा. तिच्या कोपराजवळ भाजल्याचे डाग आहेत, जुने. जाऊबाई म्हणाल्या, "बाई, हात आहेत की जादू?" अक्का म्हणाली, "आईने शिकवलं."

तेवढ्यात जयू पाणी प्यायला मागे आली. "आई, ही तर अक्कामाव —" मी तिचं मनगट धरलं आणि आत ओढलं. माझी नखं रुतली तिला. हे आणि त्यांचे भाऊ तेव्हा पाहुण्यांना आणायला गेले होते, नंतरही पुढच्या खोलीतच होते, म्हणून यांना काही कळलं नाही. जयूने त्या दिवशी काही विचारलं नाही, नंतरही नाही. पोरगी त्या दिवशी पाहुण्यांसमोर बसली, तेव्हा मान वर करत नव्हती. मुलाची आई म्हणाली, किती लाजाळू, अगदी आईवर गेली आहे.

स्थळ जुळलं. लग्न झालं. अक्काला पत्रिका दिली होती. तिने निरोप पाठवला, ताप आहे, येता येत नाही. जयूसाठी हिरवी साडी पाठवली. तिला ताप नव्हता. मांडवात जाऊबाई असणार, ओळखणार, मग माझं खोटं उघडं पडणार — म्हणून आली नाही ती. माझं खोटं तिने सांभाळलं. जयू आता जळगावातच नांदते. मी गेले की तिच्याकडे उतरते, नाहीतर कॉलनीत. अक्काचा फोन येतो अजून. तब्येत विचारते, जयूला दिवस गेलेत, कितवा महिना ते विचारते, पावसापाण्याचं बोलते. "मना घर ये" एवढं मात्र आता म्हणत नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि वाटलं, झालं. पण झालं नाही. मघाशी एक गोष्ट मी गाळली. तीच तर सांगायची होती.

आमची आई मांडे करायची तेव्हा परातीला चिकटलेलं शेवटचं पीठ आणि उरलेलं चिमूटभर पुरण घेऊन एक छोटा मांडा करायची, बशीएवढा. तो धाकटीचा. म्हणजे माझा. आई गेल्यावर अक्का करायची. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा, घर पाहुण्यांनी भरलेलं, तिने तो केला आणि कोणाला न दिसेल असा माझ्या हातात दिला होता.

त्या दिवशी पाहुणे जेवून गेले, हे त्यांना पोचवायला गेले. अक्काने परात खरवडली, छोटा मांडा केला, चौघडी घातली, बशीत ठेवला. बशी कोणाला दिली नाही. चुलीच्या बाजूला, मी उभी होते तिकडे, नुसती सरकवली. वर बघितलं नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "अगंबाई, हा बारकासा कशाला? द्या त्यांनाच बांधून."

मी तो उचलला. गरम होता अजून. पेपरात गुंडाळला, आणि माझ्या हाताने अक्काला दिला. वर म्हटलं — हे जाऊबाईंनी सांगितलं नव्हतं, माझं मीच म्हटलं — "घ्या बाई, घरी नातवंडांना होईल."

अक्काने दोन्ही हात पुढे करून घेतला. कपाळाला लावला.

"बरं ताई," म्हणाली.